दोंडाईच्याचा जर्मनकर

खान्देशातल्या प्रत्येक गल्लीत आता एक तरी ‘जर्मनीले गयेल’ पोरगा सापडतो. दोंडाईच्याचा हा नमुना त्यातलाच. वडील मिरचीचे व्यापारी, शाळा इंग्रजी माध्यमाची, पदवी मेकॅनिकलची. बॅगेत दोन जीन्स आणि उरलेल्या जागेत काळा मसाला, बिबडे आणि तिखट. कपडे तिथेही मिळतात, हे त्याच्या आईचं म्हणणं.

पहिला धडा रविवारी मिळाला. दूध संपलं म्हणून पिशवी घेऊन निघाला, तर अख्खं गाव कुलूपबंद. रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा तिथे कायदाच आहे. आपल्याकडे शटर अर्धं खाली असलं तरी ‘काका’ म्हणून हाक मारता येते. तिथे काकाच नव्हते. त्या दिवशी त्याने कोरा चहा प्यायला आणि बिबडे खाल्ले.

मग बाटल्यांचा शोध लागला. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना 25 सेंट अनामत द्यायची आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घालून अनामत परत मिळवायची. वीस-पंचवीस रुपये! हिशेब होताच त्याची नजर बदलली. बागेत कोणी बाटली तोंडाला लावली की हा शेजारच्या बाकावर बसून ती कधी रिकामी होते याची वाट पाहतो, असं त्याचे मित्र सांगतात. त्यात थोडी भर असावी, फार नसावी.

रेल्वेबद्दल मात्र त्याची घोर निराशा झाली. जर्मन गाडीवर घड्याळ लावावं, असं त्याने ऐकलं होतं. तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात आणि एवढी सवलत देऊनही 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या 100 पैकी साधारण 62 गाड्याच वेळेवर पोचल्या. फलाटावर जर्मन माणसं चिडून घड्याळं पाहत असतात. सुरत-भुसावळ मार्गावर वाढलेला आमचा गडी पिशवीवर बसून शेंगदाणे सोलतो.

पण खरी गंमत भाषेच्या वर्गात झाली. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतो, मग ‘आणि चाळीस’. वर्गातली स्पॅनिश मुलगी टेलिफोन नंबर उलटे लिहून रडकुंडीला आली. हाही आधी गोंधळला, कारण याचं सगळं गणित ‘फोर्टी सेव्हन’मध्ये. वडिलांनी सदतीस म्हटलं की हा लहानपणापासून सत्तेचाळीस ऐकायचा. मग एका रात्री ट्यूब पेटली: सात आधी, चाळीस नंतर, अरे, हे तर घरचंच! सदतीस आणि सत्तेचाळीस यांतला फरक दोंडाईच्याच्या पोराला अखेर जर्मन बाईंनी शिकवला.

फोडणीचं प्रकरण वेगळं सांगायला नको. मिरची तेलात पडली, छतावरचा धुराचा भोंगा किंचाळला आणि मजल्यावरचे सहा देश ठसकत बाहेर आले. तेव्हापासून तो वरण थंडीतही खिडकी सताड उघडून फोडणीला टाकतो.

घरून रोज फोन येतो. आईचा प्रश्न एकच, “जेवना का रे भाऊ?” वडिलांचाही एकच, “मिरचीना काय भाव शे तठे?” एकदा त्याने दुकानातल्या 50 ग्रॅमच्या पुडीची किंमत पाहिली, रुपयांत आणली, क्विंटलला गुणली आणि सांगून टाकली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दबका आवाज आला:

“मंग एक पोतं धाडू का?”