ऑइलशास्त्री

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला स्टिल्ट पार्किंगमध्ये, जुन्या बनियनचा तुकडा हातात घेऊन, एका लाल बुटक्या गाडीशेजारी घड्याळाकडे बघत उभा असलेला गृहस्थ दिसला, की समजावं, हा आपल्या सोसायटीचा ऑइलशास्त्री. तो कुणाचीही वाट बघत नसतो. इंजिन बंद केल्यावर वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढी तो मोजत असतो. वेळ भरली की ऑइल मोजायची दांडी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडाकडे धरून निरखायची. त्या वेळी त्याच्याशी मेंटेनन्सच्या थकबाकीबद्दल बोलू नये.

गाडी दोन सीटची, सेकंडहँड आणि बहुधा दिल्लीहून आणलेली. तिकडे जुन्या गाड्यांना वयाची मर्यादा लागल्यापासून दिल्लीच्या श्रीमंतांची हौस मुलुंडच्या मध्यमवर्गाला परवडू लागली आहे. नवी घ्यायची ऐपत असती तरी त्यानं ती घेतली नसती. बऱ्याच नव्या जर्मन गाड्यांना दांडीच नसते, ऑइलची पातळी समोरच्या पडद्यावर येते. "पडद्यावर सिनेमा बघावा," एवढं बोलून तो हा विषय संपवतो.

अशी गाडी बघून लोक दोनच प्रश्न विचारतात. केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते? पहिल्याचं उत्तर तो बायकोसमोर देत नाही आणि दुसऱ्याचा त्याला अपमान वाटतो. त्याला हवा असलेला प्रश्न वेगळाच असतो: "काका, ऑइल किती दिवसांनी बदलता?" हे त्याला आजवर कुणीही आपणहून विचारलेलं नाही. त्यामुळे उत्तर तो न विचारता देतो. लिफ्टमध्ये देतो, गणपतीच्या आरतीच्या रांगेत देतो, आणि एकदा तर सातव्या मजल्यावर सांत्वनाला गेला असताना त्यानं ते दिलं. (गेलेल्या गृहस्थांची गाडी तीन महिने उभी होती, एवढं निमित्त पुरलं.)

उत्तर मात्र आकड्यात कधीच मिळत नाही. आपण भाबडेपणानं म्हणावं, "मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ना? आमच्या गाडीला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते." तो मंद हसतो. "फेरारीला माहितेय किती? वीस हजार किंवा एक वर्ष. तुम्ही सगळे त्यातलं वीस हजार ऐकता. मी एक वर्ष ऐकतो." मग मॅन्युअलचं मागचं पान उघडतो. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की गाडी खडतर परिस्थितीत चालत असेल तर ऑइल आणखी लवकर बदलावं. खडतर म्हणजे काय, तर छोटी अंतरं, चालू इंजिनावर बराच वेळ उभं राहणं, धूळ, उष्णता. "ही यादी जर्मनीतल्या माणसानं केली," तो म्हणतो, "पण वर्णन आपल्या एलबीएस मार्गाचं आहे."

इथे कबूल करायला हवं, की माणूस विक्षिप्त असला तरी चुकीचं बोलत नाही. इंजिन थंड असताना थोडं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर पळाली तर ऑइल चांगलं तापतं आणि हा ऐवज उडून जातो. मुलुंड चेकनाक्यापासून भांडुपपर्यंत जाऊन परत आली तर तो तिथेच मुक्काम करतो. ऑइलमध्ये आम्ल मारणारी, घाण धरून ठेवणारी रसायनं घातलेली असतात, ती अशा पाहुण्यांच्या सरबराईत लवकर संपतात. थोडक्यात, जी गाडी कमी फिरते तिचंच ऑइल किलोमीटरच्या हिशेबात आधी बाद होतं. हे गणित ऐकून समोरच्याला वाटतं, आपल्याला फसवलं जातंय.

यापुढचा सिद्धांत त्याचा स्वतःचा. किलोमीटर हे उपनगरातलं मापच नव्हे, असं तो मानतो. पाच हजार किलोमीटर ताशी साठच्या वेगानं गेलात तर इंजिन 83 तास चाललं. तेच अंतर अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्याच्या कृपेनं ताशी पंधरानं कापलंत तर 333 तास. मीटरवर आकडा तोच, ऑइलनं मात्र चौपट नोकरी केली. म्हणून गाडीचं ऑइल तासांवर बदलावं. आता तासांवर ऑइल कशाचं बदलतात? जनरेटरचं, जेसीबीचं आणि ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टरला साधारण 250 तास. सिद्धांत इथवर आला, की तो थांबून आपल्या चेहऱ्याकडे बघतो आणि शांतपणे सांगतो, "म्हणून ही माझी गाडी कागदोपत्री स्पोर्ट्स कार आहे. मी तिला ट्रॅक्टर म्हणून सांभाळतो."

"वाटलंच होतं," असं वहिनी आतून म्हणतात.

त्यांना गप्प करायला त्याच्याकडे इतिहास तयार असतो. इटलीतल्या फेरुचो लॅम्बोर्गिनीनं 1948 पासून ट्रॅक्टरच बनवले. स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला तो 1963 मध्ये, आणि तोही म्हणे स्वतःच्या फेरारीच्या क्लचवरून एन्झो फेरारीशी वाजलं म्हणून. ट्रॅक्टरवाल्यानं स्पोर्ट्स कार केली, मग स्पोर्ट्स कारवाल्यानं ट्रॅक्टर केला तर बिघडलं कुठे? वहिनींचा आक्षेप इतिहासाला नसतोच. "अहो, त्या गाडीचं ऑइल सहा महिन्यांनी बदलता. माझ्या कढईतलं उरलेलं तेल मात्र भाजीला चालतं तुम्हाला." या वाक्यावर त्याच्याकडे शास्त्राधार नाही.

2002 साली ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिनला फेरारी मिळाली, सिल्व्हरस्टोनला शूमाकरनं ती त्याच्या हवाली केली, आणि पुढे आयात शुल्क माफ करावं की नाही यावरून देशभर वाद पेटला. ऑफिसच्या लोकलमध्ये त्यावरून दोन तट पडले होते. ऑइलशास्त्री दोन्ही तटांना एकच प्रश्न विचारत होता: वांद्र्याच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी ऑइल कुठलं वापरणार? पुढे 2011 मध्ये सचिननं ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकल्याची बातमी आली, तेव्हा यानं पेपर खाली ठेवून सुटकेचा निःश्वास टाकला. "सुरतला रस्ते मोकळे आहेत."

डब्यावरचे आकडे हा त्याचा दुसरा प्रांत. 5डब्ल्यू-30, 0डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आणि आधीचा आकडा ऑइल थंडीत किती वाहतं त्याचा. शून्यवालं ऑइल उणे 35 अंशांतही इंजिन फिरू देतं. मुंबईच्या थंडीचा विक्रम सांताक्रूझचा, 22 जानेवारी 1962 चा, 7.4 अंशांचा, तोही शून्याच्या वर. तरी हा शून्यवालंच घालतो. का, तर सकाळी गाडी चालू केल्याच्या पहिल्या क्षणी ऑइल वरपर्यंत झटकन पोचलं पाहिजे, आणि इंजिनाची झीज त्या वेळी जास्त होते. कारण पटण्यासारखं आहे. फक्त ते सांगताना त्यानं जानेवारीत कानटोपी घालायची गरज नसते.

उपनगरागणिक या जातीत थोडा फरक पडतो. अंधेरीच्या लोखंडवालात गाडी खरोखरची महाग असते आणि मालकानं बॉनेट कधी उघडलेलं नसतं. ऑइल बदलायची वेळ झाली की सपाट ट्रक येतो, गाडी उचलतो, परत आणून ठेवतो. अशा माणसाला ऑइलशास्त्री बिरादरीत घेत नाही. घाटकोपरचा शेठ ऑइलचा दर्जा सोडून भाव विचारतो आणि थेट ड्रम घ्यायची भाषा करतो. बोरिवलीचा पहाटे घोडबंदरला जाऊन येतो आणि घाटातल्या खड्ड्यांना सोडून बाकी सगळ्यांना दोष देतो. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर कॅस्ट्रॉलचं भारतातलं मुख्यालय आहे, माहुलच्या रिफायनरीत वंगणाचं बेस ऑइल निघतं. आपण वंगणाच्या पंढरीत राहतो आणि आपल्याला काही नाही, ही या सगळ्यांची सामायिक खंत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनात चक्क एरंडेल घालत, त्याच्या धुरानं वैमानिकांची पोटं बिघडत, ही माहिती आपला ऑइलशास्त्री लहान मुलांना सांगतो. मुलांना त्याच्या बोलण्यातली एवढी एकच आवडते.

ऑइल बदलण्याचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. डबा त्यानं स्वतः आणलेला असतो, सील तपासून, बॅच नंबर टिपून. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरपी काढतात, नाहीतर चेंबर घासतो. यासाठी वॉचमन पुढे उभा राहून "आने दो, आने दो, बस" असं विमान उतरवल्यागत हात करतो. गॅरेजवाला नट सोडायच्या आधी एकदा दांडी काढून बघतो. "साब, अभी तो ऑइल चकाचक है." दुसऱ्या खेपेला म्हणतो, "साब, काला हो गया." दोन्ही वेळा याचं व्याख्यान होतं. काळं होणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, काम करतंय. रंगावरून निकाल लावायचा फक्त एकाच वेळी, ते दुधाळ झालं तर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यात गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा होत्या आणि दांडीला लागून येत होतं ते असं पांढरट पाणीमिश्रित ऑइल. एकदा काढून भागत नव्हतं, नवं घालायचं, इंजिन थोडं फिरवायचं, परत काढायचं. गॅरेजवाल्यानं तेव्हा हे हातानं केलेलं असतं. तरी तो नीट ऐकतो, कारण गिऱ्हाइक सहा महिन्यांनी हमखास येणारं आहे.

साध्या हॅचबॅकला तीन-साडेतीन लिटर पुरतं. या गाडीला आठ लागतं. घरी सांगताना तो "एक डबा" म्हणतो, आणि ते खोटं नसतं, दुसरा डबा डिकीतच असतो. रिकामा डबा तो पेचकसानं भोसकतो, नाहीतर त्यात नकली ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येतो. जळकं ऑइल शेजारच्या बांधकामावरचा मुकादम शटरिंगच्या फळ्यांना लावायला मागतो. ते त्याला मिळत नाही. एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे, हे मुकादम, गॅरेजवाला आणि चहावाला यांना याच क्रमानं ऐकवलं जातं.

आणि गाडी चालते कधी? रविवारी पहाटे साडेपाचला. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, फ्रीवे, मरीन ड्राइव्ह, कोस्टल रोड. तिथे वेगाची मर्यादा 80 आणि डोक्यावर कॅमेरे. ताशी अडीचशेला शिवू शकणारी गाडी तो 78 वर धरतो आणि सातच्या आत परत येतो. ऑइल तापलं, हेच प्रवासाचं फलित.

सोसायटीनं त्याला गंभीरपणे घेतलं ते 12 ऑक्टोबर 2020 नंतर. त्या सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली. आमचा जनरेटर सुरू झाला, दोनदा खोकला आणि बंद पडला. लिफ्टमध्ये अडकलेल्या खजिनदारांना हातानं लिफ्ट खेचून बाहेर काढलं. शास्त्रीबुवांनी त्या जनरेटरची दांडी काढून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं, हे कुणालाच सांगता येईना. तासांचं मीटर बघितलं तर आकडा जेमतेम. मुलुंडला वीज जाते कुठे एवढी? खजिनदार म्हणाले, "म्हणजे ऑइल नवंच आहे की." पुढची चाळीस मिनिटं जनरेटर रूममध्ये ओलावा, आम्ल आणि "तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" या विषयावर गेली. खजिनदारांना त्यापेक्षा लिफ्ट बरी वाटली असावी.

पुढच्या सर्वसाधारण सभेत जनरेटरचं ऑइल दरवर्षी बदलावं, हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. देखरेखीला अर्थातच त्याला नेमलं. मग त्यानं उभं राहून ऑइलचा ग्रेड, ब्रँड आणि लिटरचा भाव सांगितला, आणि अध्यक्षांनी खर्चाचा मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला.