आधी नारळ, मग चाचणी

पुण्यात विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्यानं दिघीकडे निघालं की कळसला डीआरडीओची एक संस्था लागते, आर अँड डीई (इंजिनिअर्स). लष्करासाठी पूल बनवणारी. ट्रकवरून न्यायचा, नाल्यावर टाकायचा आणि वरून रणगाडे पार करायचे, असले पूल. जुलै २०२१ मध्ये लष्करात दाखल झालेला १० मीटरचा पूल इथल्याच डिझाइनचा. ९.५ मीटरपर्यंतचा नाला ओलांडतो, रुंदी ४ मीटर, भारवर्ग ७०.

असला पूल ‘चालतोय की’ म्हणून कुणी ताब्यात घेत नाही. चाचणीआधीच कागदावर ठरतं : भार किती, किती वेळा, वाक किती चालेल, आणि भार उतरल्यावर किती वाक शिल्लक राहिला तर नापास. ठरल्यापेक्षा जास्त भार मुद्दाम चढवतात. शेवटी साहेबलोक बाजूला होतात आणि पूल जवानांच्या हाती जातो. ते शहाणपणाचं आहे. बनवणारा माणूस आपल्या वस्तूला नकळत सांभाळून घेतो. जवान घेत नाही.

आता त्याच चौकातून उलटं, संगमवाडीकडे वळा. ऑगस्ट २०१५ मध्ये इथली बीआरटी, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, सुरू झाली. बस लागली की थांब्याचं दार आपोआप सरकणार होतं. पुढे कित्येक दारं बिघडली ती बिघडलीच.

या दाराची चाचणी लिहायला अर्धा ताव पुरला असता. संध्याकाळचे साडेसहा, पाऊस, बस खचाखच, ड्रायव्हरची शेवटची खेप. बस दाराच्या हातभर पुढे थांबलीय, वीज गेलीय, आजींचा एक पाय फलाटावर, दुसरा बसमध्ये. दार काय करील? आणि माउलींची पालखी येते, रस्ता वारकऱ्यांनी भरतो, त्या दिवशी? यातल्या एका तरी प्रश्नापुढे ‘नापास’ लिहायची मुभा हवी, नाहीतर तो नुसता फेरफटका. आपल्याकडे तोवर पत्रिका छापून झालेल्या असतात, मंत्र्यांची वेळ मिळालेली असते. हार घातलेल्या बसला नापास करायची कुणाची छाती आहे?

गतिरोधकाचं तर विचारूच नका. तो रात्रीत उगवतो, पांढरे पट्टे महिन्याभरानं येतात, आणि तोवरचे निकाल दुचाकीवाल्यांच्या मणक्यांत नोंदवले जातात. चाचणीचा खर्च वाचतो, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.