फिट, अनफिट आणि बेलवलकर

नाट्यशाळेच्या प्रवेश-ऑडिशनला स्वगत कुठलं न्यावं, यावर जाणकारांचं एकच सांगणं असतं : आपल्या वयाचं न्या. मी तेविशीत ‘नटसम्राट’ नेलं. 1970 साली नाटक आलं तेव्हा बेलवलकर करणारे डॉ. लागू तरी कुठे म्हातारे होते? 43 वर्षांचे. तेव्हा वयाचं फार मनावर घ्यायचं नसतं, असा माझा हिशोब. व्हरांड्यात पाहतो तर भिंतीकडे तोंड करून जो तो घर मागतोय. म्हाडाच्या सोडतीला आल्यासारखं वाटलं.

आत गेलो, खांदे पाडले, आवाजात कफ आणला. दोन वाक्यं झाली असतील नसतील.

“थांब. हेच आता मंडईत वांगी घेताना म्हण.”

मी इतक्या तळमळीने घासाघीस केली की परीक्षक बाई चक्क हसल्या. शोकांतिकेला हसू आलं म्हणजे प्रवेश पक्का की रद्द, कळेना.

“बॅकस्टेज काय केलंयस?”

“एकांकिकांना लाइट्स.”

सगळे पहिल्यांदाच सावरून बसले. मग डिमर, स्पॉट, जळलेले फ्यूज यांवर रंगलेली चर्चा. अभिनयाचं नाव कुणी काढलं नाही, आणि पुढे यादीत माझंही निघालं नाही.

मग मुंबई. वर्सोव्याच्या आरामनगरात जुन्या बैठ्या घरांतून कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. तिथे स्वगत ऐकायला कुणाला वेळ नाही. दारातला पोरगा तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि सांगतो, “अनफिट.” दरोडेखोराला मी अनफिट, हे समजू शकतो. पण ‘साधा मध्यमवर्गीय माणूस’ यालाही? आमच्या सात पिढ्यांनी दुसरं काही केलेलं नाही! चुकून फिट ठरलात तर कॅमेऱ्यापुढे नाव, वय, उंची. डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल. मी ही ओळख घरी आरशापुढे घोटली. पुढेपुढे उंची सांगताना माझा गळा दाटून येऊ लागला.

शेवटी एका मालिकेत कोमातला पेशंट मिळाला. अपघात कसा झाला, त्या सकाळी बायकोशी काय भांडण झालं, सगळी पार्श्वभूमी वहीत लिहून नेली आणि खाटेवर निश्चल पडलो.

“सर,” असिस्टंट म्हणाला, “जरा कमी करा.”

पैसे रिवाजाप्रमाणे 90 दिवसांनी. तेवढ्यात पेशंट शुद्धीवर आला. म्हणजे मालिकेत आला. डोळे उघडले ते दुसऱ्याच नटाने. त्या भूमिकेला आता संवाद होते.