मुनीमतात्यांची सायकल

लातूरच्या मोंढ्यात उभा जन्म मुनिमकी केलेल्या माणसाला कुठलाही माल आधी ओलसरच दिसतो. आमच्या रेणापूरचे मुनीमतात्या त्यातले. सोयाबीनचा एक दाणा दाताखाली फोडून ते ओलावा सांगतात आणि नंतर मशीनही तेच सांगतं. ही सवय मोंढ्यातून घरी येते. होणाऱ्या जावयाच्या पगाराचा आकडा ऐकून, "माती-काडी वजा जाता किती?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं.

सध्या त्यांनी घडीची इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं मनात धरलंय. तीस-पस्तीस हजारांतली, म्हणजे त्यातल्या त्यात स्वस्त. 'सध्या' हा शब्द तात्यांच्या बाबतीत सैल धरायचा. मधे दोन दिवाळ्या होऊन गेल्यात.

रेणापूर ते लातूर वीसेक किलोमीटर. घर ते स्टँड पायी, पुढं एसटी, लातुरात उतरलं की मोंढ्यापर्यंत रिक्षा. त्या रिक्षाचे पैसे तात्यांच्या डोळ्यांत सलतात. अशात कुणीतरी त्यांना लंडनचा व्हिडिओ दाखवला. तिथं अँड्र्यू रिची नावाच्या गृहस्थानं १९७० च्या दशकात ब्रॉम्प्टन नावाची घडीची सायकल काढली. कोटबूटवाले साहेब ती मिटवून रेल्वेत पायाशी घेऊन बसतात. "आपण बी बसू," तात्या म्हणाले. अडचण एवढीच, की रेणापूरला रेल्वे नाही. तालुक्यातलं स्टेशन पानगावला, म्हणजे आधी लातूरकडं पाठ करून निघायचं. तेव्हा रेल्वेच्या जागी एसटी धरली.

पण घडी पडली म्हणून वजन घटत नाही. मोटार आणि बॅटरीसकट ही सायकल वीस-बावीस किलोंच्या घरात जाते. तात्यांनी रीतसर काट्यावर बावीस किलो ज्वारी मोजली, पोतं शिवलं आणि सकाळच्या गाडीला घेऊन चढले. पहिल्या पायरीवर टोपी पडली, दुसरीवर एका बाईच्या पायावर पोतं. कंडक्टर आला.

"काय हाय पोत्यात?"

"सायकल."

कंडक्टरनं पोतं दाबून बघितलं. "जवारी लागायलीय की."

"आज जवारी. पुढं सायकल येणाराय. तिकीट पडंल का?"

"लगेज पडंल."

"अर्धं का पुरं?"

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. गाडी निम्मी अर्ध्या तिकिटांनी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "लेडीज सायकल असली तर अर्धं." गाडी हसली. तात्यांनी मात्र वही काढून 'लेडीज – अर्धं' असं लिहून घेतलं. ती ओळ अजून खोडलेली नाही.

मग दुसरा विचार: एसटी सोडायची, थेट सायकलवरच जायचं. कायद्याची कटकट नाही; मोटार २५० वॉटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की लायसन नको, पासिंग नको. हे कळल्यावर तात्या दोन दिवस खुशीत होते. नंतर त्यांना साखर कारखान्यांचा हंगाम आठवला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून येत असताना ताशी पंचवीसनं कुठं पळायचं?

शिवाय बॅटरी. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर, ३६० वॉट-अवर. पायडल मारत गेलं तर चाळीस किलोमीटर, असं कागदावर छापलेलं. तात्यांनी त्याची पट्टी केली. समोरचा वारा, वजा पाच. स्वतःचं पोट, वजा चार. जेवणाचा डबा, वजा एक. लातूरचा उन्हाळा बॅटरीला मानवत नाही, वजा तीन. दोन वर्षांनी बॅटरी दमणार, वजा पाच. उरले बावीस. "म्हणजे जायचं फिक्स," ते म्हणाले. "यायचं कसं?"

आडतीवर चार्जिंग लावा, असं मी सुचवलं. वीज लागणार अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर, चार-पाच रुपयांची. शेठ ना म्हणणार नाहीत. तात्या ताडकन म्हणाले, "शेठचं सोडा हो. शेठच्या मीटरवर मुनिमाची सायकल, ही रक्कम मी खतावणीत कुणाच्या नावं टाकू?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुण्याची ईमोटोराड कंपनी घडीची सायकल करते आणि तिच्यात धोनीनं पैसे घातलेत, हेही त्यांना ठाऊक आहे. "धोनीला रेणापूर फाट्यावर उभं राहून गाडी धरायची हाय का?"

गंमत म्हणजे याच वहीच्या जोरावर आमच्या गल्लीत तीन इलेक्ट्रिक सायकली आल्या. मेडिकलवाल्यानं घेतली, एका गुरुजींनी लेकीला घेऊन दिली. ब्रेक कुठला बघायचा, बॅटरी काढून घरात नेता येते का, वॉरंटीच्या कागदावर बॅटरी वेगळी लिहिलीय का, सगळं तात्यांनी सांगितलेलं. बिघडली की लोक तात्यांकडंच येतात. काकूंनी आता असल्या गिऱ्हाइकांना चहा द्यायचं बंद केलंय.

परवा मी त्यांच्यासोबत लातूरच्या दुकानात गेलो. पोरगा सायकल उघडून-मिटवून घामेजला. तात्यांनी बिजागरीत बोट घालून ढिलाई बघितली, चेन उचलली, टायर नखानं दाबला. तेवढ्यात निलंग्याकडचा एक जण आला आणि तेच तेच प्रश्न विचारू लागला. पोरगा बोलायच्या आधी तात्याच सुरू झाले. ज्वारीच्या पोत्यापासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत एकही खोट लपवली नाही. सगळं ऐकून माणसानं खिशात हात घातला आणि सायकल नेली.

मालक गल्ल्यावरून उठून आला. तात्या म्हणाले, "माल आम्ही दाखवला. आमची आडत?"

मालक हसला. "तुमी न्या ना एक. तुमच्यासाठी पाचशे कमी."

तात्यांनी चष्मा वर केला, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज न मागता पाचशे उतरले. माल पडता हाय. दिवाळीपर्यंत हात लावायचा न्हाई."