आधी आलेख, मग प्रयोग

बी.ए.ला मानसशास्त्र घेतल्याची बातमी शक्यतो घरी सांगू नये. सांगितलीच, तर चहा संपायच्या आत "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" हा प्रश्न येणार हे धरून चालावं. विचारणारे बहुधा चुलते असतात. त्यांच्या मनात काय चाललंय ते अख्ख्या घराला ठाऊक असल्यामुळे उत्तर चुकण्याचा धोका नाही. "नाना, कारखान्यानं ऊसबिल अजून काढलं नाही, त्याचा घोर लागलाय," एवढंच गंभीर चेहऱ्यानं म्हणावं. नाना चाट पडतात आणि या वर्षाच्या फीचं काम होऊन जातं.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. सांगली-साताऱ्याच्या पोरांना तेव्हापासून परिपत्रकाची वाट पाहायची सवय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं तिला आणखी धार आणली. मानसशास्त्र आपलं मेजर, मायनर की ओपन इलेक्टिव्ह, हे प्रवेश घेतल्यावर हळूहळू कळतं. सरांना विचारलं की तेही खिशातून मोबाईल काढतात. त्यांना अवघडल्यासारखं होईल असं काही करू नये.

लेखी परीक्षेचा नियम सोपा. प्रश्न स्मरणाचा असो, स्वप्नांचा असो की कामगारांच्या थकव्याचा, उत्तराची सुरुवात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली इथूनच करावी. पुरवणी घ्यायची असेल तर कलकत्ता विद्यापीठ आणि नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनाही आणावं. तोवर पान भरतं.

खरी कसोटी प्रॅक्टिकलची. उदाहरणार्थ मिरर ड्रॉइंग. टेबलावर कागद, कागदावर दोन रेघांमधली तारा-आकृती, समोर आरसा, आणि हात दिसू नये म्हणून मध्ये पडदा. प्रयोज्यानं (म्हणजे बाकावरच्या मैत्रिणीनं) फक्त आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या कोपऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चालतं. वळण आलं की पेन्सिल अडते. डोळा सांगतो वर, हात जातो खाली, आणि शहाणीसुरती मुलगी एका जागी कोळ्याच्या जाळ्यासारखं गिरमिट काढत बसते. असे दहा प्रयत्न घ्यायचे, दर वेळी सेकंद आणि चुका मोजायच्या, आणि शेवटी सरावानं दोन्ही कमी होतात असा निष्कर्ष लिहायचा.

निष्कर्ष आधीच माहीत असताना एवढी यातायात कशाला, असं कुणालाही वाटेल. म्हणून अनुभवी विद्यार्थी आधी आलेख काढतात आणि मग त्यावरून आकडे पाडतात. मात्र इथं कसब लागतं. रेघ जिन्यासारखी सरळ उतरली तर संशय येतो. सहाव्या प्रयत्नाला वेळ किंचित वाढवावा, त्यानं जर्नलला प्रामाणिकपणा येतो. अंतर्निरीक्षणाच्या रकान्यात "सुरुवातीला गोंधळ वाटला, नंतर आत्मविश्वास वाढला" हे वाक्य घालावं. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, त्यात बदल करू नये.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर जपून वाचावा. चिंताविकृतीची लक्षणं पहिल्या रात्री आपल्यात सापडतात, दुसऱ्या रात्री रूम पार्टनरमध्ये. अभ्याससहल मनोरुग्णालयाला न्यायची ठरली तर मतदान येरवडा की रत्नागिरी असं होतं आणि रत्नागिरी जिंकते. गणपतीपुळे जवळ आहे.

गावी आत्याच्या अंगात येतं, तिथं मात्र वही काढून बसू नये. हा विषय आपल्याच भागातल्या एका माणसानं पुस्तकाबाहेर नेऊन दाखवला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डनला, डॉक्टर झाले मिरजेला. व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात 'परिवर्तन', १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. विरोध देवाला नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीला, असं ते सांगत राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरात आला. आत्याला 'हिस्टेरिया' म्हणून येणाऱ्यानं निदान आधी तिच्याशी तासभर बोलावं. तिला झोप लागते का, घरात तिचं कोण ऐकतं, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

प्रकल्पाला विषय 'ताण' घ्यावा. प्रथा अशी की वसतिगृहाच्या ग्रुपवर प्रश्नावली टाकायची आणि मित्रांनी सगळीकडे 'कधी कधी' वर टिक करायची. सांगलीत खरं तर एवढीही गरज नाही. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी उभं राहून ऐकावं. पुराची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हापासून नदीकाठच्या गल्लीत लोक "कोयनेतून किती सोडलंय?" हे ज्या आवाजात विचारतात, तो कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही. पण परीक्षकाला तक्ते लागतात, म्हणून प्रश्नावली वाटावीच.

आता बहिस्थ परीक्षक. साताऱ्यात असतील तर कंदी पेढे, सांगलीत असतील तर भडंग, हे ठरलेलं. चाळीस जर्नलांत चाळीस आलेख एकाच वळणानं उतरलेले पाहून ते काहीच बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या कॉलेजवर आपले सर जायचे असतात.

पंचाईत होते ती प्रयोग खरोखर करणाऱ्या मुलीची. तिचा आलेख सातव्या प्रयत्नाला एकदम उसळी मारतो, चुका दुप्पट. परीक्षक सावरून बसतात. "हे असं का आलं?"

"सर, प्रयोज्याची जतची एसटी सुटायची वेळ झाली होती. ती आरशात बघायची सोडून घड्याळाकडं बघत होती."

"मग हे जर्नलमध्ये का लिहिलं नाही?"

"लिहिलं होतं. मॅडमनी खोडायला लावलं."

तिला गुण किती द्यायचे यावर दोन्ही परीक्षक चहा निवेपर्यंत बोलत होते. बाकीच्यांचे सकाळीच भरून झाले होते.