स्विचला स्विच नसतो

पोर्टकाका कापडी पिशवी घेऊन निघाले की काकू एवढंच विचारतात, "तपकीर गल्ली की जुना बाजार?" तपकीर गल्ली म्हणजे केबल येणार. जुना बाजार म्हणजे ती केबल लावायला काहीतरी येणार, आणि त्यासाठी माळ्यावरचं पुरणयंत्र आणखी मागे सरकणार.

काका बँकेच्या कर्जविभागात होते. नेटवर्कशी त्यांचा संबंध म्हणजे तीस वर्षं काउंटरवर "सर्व्हर डाउन आहे" म्हणण्यापुरता. मग मुलानं नेटवर्किंगचा क्लास लावला, दोन महिन्यांत सोडला, आणि क्लासवाल्यांनी फी परत द्यायला नकार दिला. भरलेले पैसे पाण्यात घालवणं काकांच्या रक्तात नाही. ती जाडजूड पुस्तकं त्यांनीच वाचून काढली. मुलगा हल्ली मोबाइलच्या डेटावर जगतो आणि बापाच्या खोलीत पाय टाकत नाही.

अशी माणसं आता जवळपास प्रत्येक सोसायटीत एकेक तरी निघतात. कंपन्या दर काही वर्षांनी जुनी यंत्रं काढून नवी बसवतात. जुनी भंगारवाल्याकडे लॉटमध्ये जातात, आणि तिथून लॅमिंग्टन रोड किंवा जुना बाजार असा प्रवास करत कुणातरी पोर्टकाकांच्या पिशवीत उतरतात. लाखाची वस्तू अडीच हजारांत! ती लाखाची होती तेव्हा तिच्यावर अख्खा मजला चालत होता आणि आता तिच्यावर एक टीव्ही चालायचाय, हा मुद्दा काका ऐकून घेत नाहीत.

पहिला आला तो सिस्कोचा नेटवर्क स्विच, कॅटॅलिस्ट २९६०. साडेतीन किलोच्या आसपास वजन, पावणेदोन इंच उंची, समोर ४८ भोकं. घरात तारेनं जोडण्यासारख्या वस्तू तीन. "उरलेली पंचेचाळीस?" मी विचारलं. "पाहुणे आले तर?" काका म्हणाले. पाहुणे हातात वायर घेऊन येत नाहीत हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सुरू केल्यावर आतल्या पंख्यांनी असा सूर लावला की खालच्या मजल्यावरच्यांनी पिठाची गिरणी टाकली का म्हणून विचारलं. काकूंनी शांतपणे विचारलं, "बंद कुठून करायचा? स्विच कुठाय?"

"अगं, हाच स्विच आहे."

"ते कळलं. याचा स्विच कुठाय?"

"स्विचला स्विच नसतो."

खरंच नसतो. वायर लावली की चालू, उपटली की बंद. घरगुती राउटरला टाचणीनं दाबायचं रिसेटचं भोक असतं, तेही इथे नाही. जुन्या मालकाचा पासवर्ड ओलांडायचा तर समोर 'मोड' नावाचं एक बटण असतं. ते दाबून धरायचं, त्याच वेळी मागे वीज सोडायची, समोरचा 'सिस्ट' दिवा क्षणभर नारिंगी होऊन हिरवा स्थिर झाला की बोट काढायचं. बटण पुढे, वायर मागे, प्लग भिंतीत सोफ्यापलीकडे. एकट्या माणसाचे हात पुरत नाहीत. लग्नात सात पावलं बरोबर चालण्याचा खरा उपयोग काकूंना त्या दिवशी कळला.

"आता! नाही, थांब! काढ! लाव!"

"एक काय ते ठरवा."

त्याआधीचे चार दिवस निळ्या केबलपायी गेले होते. स्विचशी बोलायला चपटी, फिकट निळी कन्सोल केबल लागते. तिचं दुसरं टोक ज्या खाचेत बसतं ती खाच लॅपटॉपवरून कधीच गेली, म्हणून एक जोडणी लागते. पहिल्या जोडणीतली चिप नकली निघाली. दुसरी लागली, तर पडद्यावर मोडीलाही लाजवील अशी लिपी उमटली, कारण वेग ९६०० हवा आणि काकांनी ११५२०० लावलेला. बँकेतल्या माणसाला जास्त आकडा नेहमी बरा वाटतो.

वेग जुळला आणि पहिलं वाचता येणारं वाक्य आलं: अनधिकृत व्यक्तींनी प्रवेश करू नये, सर्व हालचालींची नोंद होते. काकूंनी आधी खिडकी लावली.

मग ती मोडची कवायत, आणि जुन्या मालकाच्या कॉन्फिग फाइलचं नाव बदलणं. स्विचला फाइल सापडत नाही आणि तो तान्ह्या बाळासारखा जागा होतो: सुरुवातीची मांडणी करू या का? इथे खरं तर जुनी फाइल पुसायची असते. काकांनी ती आधी वाचली. रिसेप्शन, अकाउंट्स, एमडी केबिन, कँटीनचा प्रिंटर. तेविसाव्या पोर्टावर शेरा होता: तात्पुरतं, नंतर काढणे. त्याची तारीख होती २०११ची. काका बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. बँकेतल्या त्यांच्या टेबलाचं वर्णनही बहुधा असंच असावं.

त्यांनी या स्विचचं नाव राजगड ठेवलं. राजगडाला सोबत हवी म्हणून तोरणा आला. सिंहगड सध्या पलंगाखाली आहे.

त्यानंतर वाटण्या झाल्या. व्हीलॅन म्हणजे एकाच डब्यात घातलेल्या अदृश्य भिंती. काकांनी सुरक्षेसाठी टीव्हीला एक व्हीलॅन दिला, काकूंच्या फोनला दुसरा. संध्याकाळी काकू फोनवरची मालिका टीव्हीवर टाकायला गेल्या, तर फोनला टीव्ही दिसेना. एका घरात दोन चुली! काकांनी भाऊबंदकी मिटवायला रात्री एक वाजवला. मुद्दाम सांगतो, राजगडाची ४८ही पोर्टं १०० मेगाबिटची आहेत आणि घरचं इंटरनेट २०० चं. म्हणजे एवढी तार ओढून वेग निम्मा झाला. कोपऱ्यातली दोनच पोर्टं गिगाबिटची, कामाची तेवढीच. विजेचा हिशेब मीच केला: ४५ वॉट धरले तरी महिन्याला बत्तीस युनिट, एका स्विचचे. काका म्हणाले, "शिक्षणावरचा खर्च आहे." कर्जमंजुरीच्या वेळी हे कारण त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं असतं का, माहीत नाही.

केबल खोचली की पोर्टचा दिवा तीसेक सेकंद नारिंगी राहतो. तारांचं कुठे वर्तुळ तर झालं नाही ना, हे स्विच आधी तपासतो. ही युक्ती राडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये काढली. काका काकूंना अभिमानानं हे सांगत होते. "बाईच असणार," काकू म्हणाल्या, "आधी बघून मग करणारी."

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि काकांनी केलेलं सगळं गेलं. चालू मांडणी वेगळी आणि साठवलेली वेगळी; चालू मांडणी लिहून ठेवण्याची आज्ञा स्विचला द्यावी लागते. काकांनी पुन्हा सगळं बसवलं, या वेळी आठवणीनं लिहून ठेवलं, आणि कुणी फोडू नये म्हणून बावीस अक्षरांचा पासवर्ड घातला.

परवा मी कपभर साखर मागायला गेलो, तर काका राजगडासमोर मांडी घालून बसलेले, बोट मोडवर. सोफ्यामागून काकूंचा फक्त आवाज येत होता.

"लावला. नारिंगी? हिरवा? काढा बोट. आणि आता तरी तो पासवर्ड गॅसच्या पुस्तकावर लिहा."