पितळेची माशी

ज्या नालवाडीत १९३२ साली विनोबा येऊन राहिले आणि निव्वळ सूत कातून त्या मजुरीवर जगायचा प्रयोग करू लागले, त्या नालवाडीत एका पेन्शनरानं हौसेनं बंदूक आणावी का, असं मला कुणीही विचारलं नाही. लोक सभ्य आहेत. त्यांनी फक्त "कायले आणली?" एवढंच विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आपापली उत्तरं देऊन टाकली. कुणाच्या मते चोरांसाठी, कुणाच्या मते वानरांसाठी. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पेन्शन झाली की मानसाले असंच होते."

बंदूक हवेची आहे. लायसन लागत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतचा जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवान्यातून मोकळं ठेवलेलं आहे. २० जूल म्हणजे किती, ते मी घरी समजावून सांगितलं: एक किलो तूरडाळीची पिशवी दोन मीटर उंचीवरून पडली तर जेवढा दणका बसेल तेवढा. "मग डाळच आणायची होती," असं घरून उत्तर आलं.

पण ही साधी जत्रेत फुगे फोडायची बंदूक नव्हे. जुन्या जर्मन 'डायना' बंदुकीची हुबेहूब नक्कल आहे. राश्टाट गावात १८९०मध्ये निघालेल्या एका कारखान्याचं हे नाव. डायना ही रोमन लोकांची शिकारीची देवता, आणि कारखान्याच्या छापात ही बाई आपलं धनुष्यबाण फेकून देऊन हवेची बंदूक उंचावून उभी आहे. शतकानुशतकं वापरलेलं शस्त्र टाकून देताना तिच्या चेहऱ्यावर जराही दुःख नाही. माझ्या नकलेला सागवानी रंगाचा दस्ता आहे, निळसर काळी नळी आहे, आणि जुनेपण दिसावं म्हणून कारखान्यानंच पाडलेले दोनतीन ओरखडेही आहेत. फक्त नेम धरायला काही नव्हतं. मागं पत्र्याचा एक तुकडा होता आणि पुढं एक टेंगूळ. भिंतीवर टांगायची वस्तू, तिला नेम कशाला हवा, असा बनवणाऱ्याचा हिशोब असावा.

एका वेळी एकच छर्रा, हे मला या बंदुकीचं सर्वांत मोठं सुख वाटतं. नळी मोडायची, स्प्रिंग दाबली जाते. छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. चुकला तर लगेच दुसरा उडवून पहिल्याची लाज झाकता येत नाही. पुन्हा नळी मोडेपर्यंत चुकीचा विचार करावाच लागतो. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारातही रायफलीत एका वेळी एकच गोळी भरतात. तो रेल्वेत टीसी होता. एकेका डब्यात एकेक प्रवासी तपासत जायची सवय कामी आली असेल, असं माझं मत आहे. पत्नीचं मत वेगळं आहे, ते इथं देत नाही.

आतल्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो. तेल पाजलं नाही तर तो आक्रसतो, हवा निसटते आणि छर्रा नळीतच बसून राहतो. वायसर बदलायची वेळ आली तेव्हा मला नालवाडीचं जुनं चर्मालय आठवलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथं नैसर्गिकपणे मेलेल्या गुरांचं चामडं कमावायचं काम उभारलं होतं. पायात चप्पल तरी हिंसेची नसावी, ही त्यामागची भावना. अहिंसक चामड्याचा वायसर लावलेली बंदूक नैतिकदृष्ट्या कुठं बसते, हा प्रश्न विनोबांना विचारायला हवा होता. ते मात्र १९३८मध्येच पवनारला निघून गेले, आणि १९४०मध्ये तिथं युद्धाविरुद्ध भाषण करून तुरुंगातही गेले. तेव्हा उत्तराचा अंदाज येतो.

आता मुख्य काम, नेम बसवण्याचं. एका हौशी भाच्यानं दुर्बीण लावायचा सल्ला दिला. पण स्प्रिंगची बंदूक उडताना आधी मागं धक्का देते आणि दट्ट्या नळीच्या तोंडाशी आपटला की पुढंही देते. या दुहेरी हिसक्यानं साध्या दुर्बिणीची भिंगं आतल्या आत खिळखिळी होतात. शिवाय डायना देवीनं धनुष्य टाकलं ते काही चष्मा लावण्यासाठी नव्हे. म्हणून पुढं नळीच्या टोकाशी नेमाची माशी आणि मागं खाच, तीही दोन्ही नळीवरच, म्हणजे बिजागरी उद्या सैल झाली तरी दोघं एकत्रच हलतील.

माशी करून घ्यायला वर्ध्याला एका सोनाराकडं गेलो. लेथवाल्यांनी "इतकं बारीक काम परवडत नाही" म्हणून हात झटकले होते. सोनारानं बंदूक पाहिली, मला पाहिलं, दुकानाचं शटर पाहिलं. मी पितळेची माशी म्हणताच तो मोकळा झाला आणि सवयीनं विचारता झाला, "किती ग्रॅममध्ये बसवायची?" मी म्हटलं, उंच ठेवा, घासता येईल. कारण माशी उंच असली की छर्रा खाली जातो; घासत गेलं की वर चढतो; आणि जास्त घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. मागची खाच मात्र जिकडं छर्रा हवा तिकडं सरकवायची. आमच्या अंगणातून न्हाणीघराच्या भिंतीपाशी ठेवलेल्या चिंध्यांच्या खोक्यापर्यंत आठ मीटर, माशी आणि खाच यांच्यात चाळीस सेंटीमीटर; म्हणजे खाच एक मिलिमीटर सरकली की तिकडं छर्रा दोन सेंटीमीटर सरकणार. कागदावर हे फार सोपं असतं.

अडचण डोळ्यांची निघाली. खाच, माशी आणि निशाण या तिघांपैकी डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसतं आणि साठीनंतर जवळची खाच तर धुक्यात जाते. त्यावर उपाय म्हणजे खाचेऐवजी बारीक भोक. स्पर्धेतले नेमबाज तसंच वापरतात. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतं. सोनारानं नथीचं काम बाजूला ठेवून पितळेच्या चकतीला असं भोक पाडून दिलं, कडा पॉलिश केल्या आणि चकतीच्या कोपऱ्यात, न विचारता, एक वेल कोरला.

या सगळ्यावर आमच्या गल्लीतले काकाजी लक्ष ठेवून होते. काकाजी पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेले. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूचं एवढं मोठं गोदाम, यावरचे सगळे विनोद त्यांच्यासमोर झालेले आहेत, म्हणून मी करत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर तोफगोळ्यांची मोजणी केली, तो माझ्या छर्ऱ्याकडं बघून एकच वाक्य बोलला: "हे तर साबुदाना होय नं बाप्पा."

तरी रोज सकाळी, ऊन तापायच्या आत, खुर्ची घेऊन यायचे. छपरावर वानरांची टोळीही बसायची. वानरं घाबरतील अशी गल्लीची आशा होती; पण आवाज झाला की ती खोक्यावर लावलेल्या निशाणाच्या कागदाकडं बघायची आणि मग माझ्याकडं. मी भोक सरकवायचो, माशीला एकदाच कानस लावायचो, पुन्हा मोजायचो. हळूहळू छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ पडू लागले, पण कागदावरच्या ठिपक्याच्या डाव्या बाजूला, तीन बोटं खाली. मी स्क्रू सैल करायला घेतला.

काकाजींनी हात धरला. "सारे एकाच जागी लागून राह्यले नं?"

"हो."

"मंग कायले छेडता तिले?" ते उठले, खिशातलं पेन काढून खोक्यापाशी गेले, भोकांच्या घोळक्याभोवती ऐसपैस गोल काढला आणि जुन्या ठिपक्यावर फुली मारली. "आता हाणा."

हाणला. गोलात बरोब्बर मधोमध.

त्या दिवसापासून "पाटकरांची बंदूक मीच जुळवली" असं ते गल्लीभर सांगतात, आणि मी छर्रे आणायला निघालो की स्वतःच्या घरून एक पेनही देतात.